नाव न घेता

राहीच्या टाळूला येणारा वास ऋजुताचा नव्हता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिचा नवरा हर्षवर्धन हसला असता आणि अक्कांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या. पण लेकीचं दूध पिऊन झालं, की ऋजुता तिच्या मऊ जावळात नाक खुपसून हुंगायचीच. गोडसर, ओल्या गवतासारखा वास. बाईचाच होता. पण कुठल्या बाईचा?

ती बाई स्वयंपाकघरात राहत होती, ओट्यावर, मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरच्या मधे. कुकरएवढं काचेचं भांडं, वर स्टीलचं झाकण, खाली छोटी तोटी. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण कोल्हापुरात घरोघरी त्याला बरणीच म्हणत. आत केसाहून बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा होता आणि त्या नळ्यांच्या भिंतींना दूध तयार करणाऱ्या पेशी चिकटलेल्या होत्या. नळ्यांच्या बाहेरून साखर, मेद आणि संप्रेरकं असलेला पाझर फिरत राहायचा. पेशी बाहेरून जेवायच्या आणि आतल्या अंगाला दूध सोडायच्या. बाईच्या अंगात जे होतं तेच इथं काचेत होत होतं. फक्त पेशी काही कारखान्यात बनत नव्हत्या. त्या कुणातरी बाळंतिणीनं दिलेल्या दुधातूनच वेगळ्या काढून वाढवाव्या लागत. आणि एका बरणीत एकीच्याच. दोघींच्या घातल्या तर नांदत नाहीत, असं दूधपेशी केंद्रातल्या इनामदार मॅडमनी बरणी बसवताना सांगितलं होतं. ऋजुताला तेव्हा ते ऐकून हसू आलं होतं. नंतर आलं नाही.

बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, दुधाला हुकूम सोडणारी. तिला रक्त पुरलं नाही आणि हुकूम सुटलाच नाही. ऋजुता सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, ज्युनिअर कॉलेजात शिकवायची, त्यामुळे डॉक्टरांनी जे समजावलं ते तिला आधीच कळलं होतं. कळणं वेगळं आणि पोरगी छातीशी धरून ती कोरडी चोखून रडायला लागली की काय होतं, ते वेगळं.

शुक्रवारी अक्का बरणीला हळदकुंकू लावायच्या. अक्का म्हणजे सासूबाई. घरातच काय, गल्लीतही त्यांना सगळे अक्काच म्हणत.

"अक्का, अहो यंत्र आहे ते."

"यंत्र दूध देतंय व्हय? मागं कोण तर बाई हाय की. दूधआई म्हणायची तिला. आमच्या धाकट्या दिराला शेजारच्या हौसाबाईनं पाजलं, तर मरेपर्यंत तिला लुगडं नेत हुता दिवाळीला."

"दूधआई वगैरे काही नसतं. पेशीदाता म्हणतात."

"दाता म्हंजे पुरुषच वाटतोय गं," अक्का म्हणाल्या आणि कुंकवाचं बोट पदराला पुसून देवघराकडे गेल्या.

त्या वळल्या की ऋजुता ओल्या फडक्यानं कुंकू पुसून टाकायची. काचेवर डाग राहतो म्हणून.

*

राहीला सातवा महिना लागला आणि उष्टावणाचं बोलणं सुरू झालं. त्याच आठवड्यात इनामदार मॅडमचा फोन आला. त्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बाळाच्या दात्या ताईंनी भेटीचा हक्क मागितलाय. राज्याच्या नव्या कायद्यानं."

हा कायदा कुठून आला ते ऋजुताला पाठ होतं, कारण गेले कित्येक दिवस ती त्याविषयी जे सापडेल ते वाचत होती. माणसाच्या अंगाचा वास त्याच्या जनुकांवरून ठरतो आणि दुधात त्याची छाया उतरते. बरणीतल्या दुधात ती उतरत असेल, असं आधी कुणाला वाटलं नव्हतं. मग एका अभ्यासात बरणीवर वाढलेल्या बाळांपुढे दोन रुमाल धरले, एक सख्ख्या आईनं वापरलेला आणि एक पेशी देणारीनं. बरीचशी बाळं दुसऱ्या रुमालाकडे वळली. बातमी फुटली, आणि ज्यांनी पेशी दिल्या होत्या त्या बायका रस्त्यावर आल्या. आम्ही काय नळ आहोत का, असे फलक त्यांनी धरले होते. निवडणूक तोंडावर होती. विधानसभेनं कायदा केला: बाळाला वरचं अन्न सुरू करण्याच्या प्रसंगी दूधआईला बाळ भेटवावं, आणि तिची इच्छा असेल तर नाव सांगून. पुढच्या भेटी आईच्या तोंडी संमतीनं.

दिल्लीचा, केंद्र सरकारचा कायदा जुना होता आणि अगदी उलट बोलत होता. दात्याची ओळख गुप्त. कायमची.

"मग प्रश्नच कुठं येतो?" ऋजुता फोनवर म्हणाली होती. "केंद्राचा कायदा मोठा."

"ते कोर्ट ठरवेल हो मॅडम. मला दोन्हीकडून पत्रं येतात," इनामदार मॅडम म्हणाल्या.

हर्षवर्धन फाउंड्रीतून आला तेव्हा ती वाट बघतच होती. त्यानं बूट काढता काढता सगळं ऐकलं. "येऊ दे की. बाळाला बघेल, चहा घेईल, जाईल."

"राही तिच्याकडं गेली तर?"

"बाळं सगळ्यांकडं जातात गं. काल भाजीवालीकडं गेली."

"भाजीवालीचं दूध नाही पीत ती."

हर्षवर्धननं दुसरा बूट हातात धरून तिच्याकडे पाहिलं. "ऋजू, तू जळतेयस. एका बरणीवर."

तिनं त्याच्या हातातला बूट घेऊन कोपऱ्यात ठेवला. खोटं असतं तर भांडली असती.

*

तेजल तिची कॉलेजची मैत्रीण, हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे वकिली करायची. तिच्या ऑफिसात राही टेबलावरचा पेपरवेट चाटत बसली आणि तेजलनं पंखा कमी केला.

"हे बघ," ती म्हणाली, "काही विषय फक्त दिल्लीचे, काही फक्त राज्याचे, आणि काही दोघांचे. त्याला समवर्ती सूची म्हणतात. तुझ्या घरातला ओटा समज. अक्कांचाही, तुझाही. दोघी आपापलं सांगताय. भांडण झालं तर कुणाचं चालतं?"

"अक्कांचं."

"तसं केंद्राचं चालतं. पण समज सुनेनं आधीच जाऊन सासऱ्यांकडून 'हो' म्हणवून आणलंय. मग त्या घरापुरतं सुनेचं चालतं, सासू कितीही फणफणली तरी. सासरे म्हणजे राष्ट्रपती."

"आणलंय का गं?"

"नाही ना! राज्य म्हणतं, हा सार्वजनिक आरोग्याचा विषय, आमच्या एकट्याचा, आम्ही कशाला विचारू? केंद्र म्हणतं, लहान मुलांचा विषय, दोघांचा. मला वाटतं केंद्र बरोबर आहे. आणि सुनेनं तर विचारलेलंच नाही."

ऋजुताचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे जिंकलो."

"भांडण असेल तर जिंकलो," तेजल म्हणाली. "आधी भांडण आहे का, तेच बघतात."

"आणि मी निपाणीला माहेरी गेले तर? उष्टावण तसंही मामानंच करायचं असतं. दूधगंगा ओलांडली की कर्नाटक. महाराष्ट्राचा कायदा तिथं लागत नाही."

"नाही लागत. पण कोल्हापुरात परत आलीस की लागतो. जन्मभर माहेरी राहणार आहेस?"

घरी अक्कांनी हे ऐकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जा की. गल्लीला सांगीन, सुनेला बरणीनं हाकलली."

*

तेजलनं याचिका लावली. सुनावणीला कोर्टात ऋजुता शेवटच्या बाकावर राहीला थोपटत बसली होती. राज्याचे वकील आरोग्य आरोग्य म्हणत होते, तेजल बालक बालक म्हणत होती, आणि केंद्राचे वकील अधूनमधून उठून मान डोलवत होते. दात्या ताई आल्या नव्हत्या. यायची परवानगीच नव्हती, आल्या असत्या तर ओळख पटली असती. तरी ऋजुतानं दालनातल्या एकूण एक बाईला निरखून घेतलं. पैठणीवाली? ती कुणाची तरी अशील निघाली. पिण्याच्या पाण्याजवळची भरल्या अंगाची? ती शिपाई होती. ऋजुताच्या मनातली बाई भरल्या अंगाची होती, उजळ, केसांचा भलामोठा अंबाडा घातलेली, शांत. ऋजुतानं मनानंच तिला इतकं देखणं केलं होतं की आता तिच्यापुढे आपण उभं कसं राहायचं, याचीच धास्ती वाटायची.

न्यायमूर्ती बाई होत्या. विषय दोघांचा, हे तेजलचं म्हणणं त्यांनी मान्य केलं. ऋजुतानं राहीला घट्ट धरलं. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "एका दारावर दोन पाट्या आहेत. एकीवर 'आत या', दुसरीवर 'चपला बाहेर काढा'. यात विसंगती आहे का? माणूस चपला काढून आत येऊ शकतो. केंद्र म्हणतं, नाव सांगू नका. राज्य म्हणतं, भेटू द्या. नाव न सांगता भेटता येतं. दोन्ही कायदे पाळता येत असतील तर एकाला मारायचं कारण नाही. राज्याच्या कायद्यातलं नाव सांगण्याचं कलम तेवढं केंद्राच्या कायद्याला छेद देतं. तेवढ्यापुरतंच ते बाद."

बाहेर व्हरांड्यात ऋजुता तेजलवर उखडली. "तेवढ्यापुरतंच म्हणजे काय? कायदा गेला तर सगळा जायला नको?"

"असं नसतं गं. जेवढा खटका, तेवढंच तोडायचं. बाकीचं अंग जिवंत ठेवायचं. हे घटनेच्या कलमातच लिहिलंय."

"मग आता?"

"आता ती येणार. इनामदार मॅडम बरोबर असतील. त्यांच्या गळ्यात बिल्ला असतो, ऐकणारा. तुमच्या घरातली नावं त्याला पढवलेली असतात. तिची ओळख पटेल असं काही कानावर आलं, तिचं नाव, गाव, नवऱ्याचं नाव, काहीही, की तो लाल होतो. मग भेट तिथंच बंद आणि तिचा हक्कही संपला. पुढं तू बोलावलंस तरी तिला येता येणार नाही."

"नवऱ्याचं नावसुद्धा?"

"सुद्धा."

ऋजुतानं मान डोलावली. तेजलला वाटलं, समजूत पटली.

*

दोन दिवसांनी ऋजुता अक्कांना म्हणाली, "उष्टावणाला गल्लीतल्या चार बायका बोलवूया का? आलेल्या बाईची ओटी भरू. हळदकुंकू करू."

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, सुनेकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळेच भरून आले. "माझं लेकरू ते. मला वाटलं हुतं, तू दारातनं परत लावशील तिला."

"छे हो."

"शिंदेवहिनींना सांगते. माळ्याच्या थोरलीला सांगते. नाव घ्यायला लावल्याबिगर सोडायच्या न्हाईत त्या कुणाला."

"हो," ऋजुता म्हणाली. "त्यांना आवर्जून सांगा."

तिला स्वतःची लाज वाटली का? वाटली. पण ओट्यावर बरणी मंद गुरगुरत होती, आणि तोटीखालच्या बाटलीत दूध थेंब थेंब पडत होतं, आणि राही त्या आवाजाकडे मान वळवून हात नाचवत होती. लाज तेवढ्यात विरघळून गेली. पद्धत अगदी साधी होती. बाई आली की आधी पाटावर बसवायची, कुंकू लावायचं आणि बायकांनी 'नाव घ्या' म्हणायचं. सवाष्ण बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव आपोआप येतं, शिंकेसारखं. बाळ मांडीवर देण्याआधीच बिल्ला लाल.

*

उष्टावणाच्या दिवशी निपाणीहून तिचा भाऊ समरजित आला. चांदीची वाटी आणि सोन्याची अंगठी घेऊन तो पाटावर सज्ज बसला. मामानं अंगठीनं खीर चाटवायची, ही रीत. शिंदेवहिनी, माळ्याची थोरली आणि आणखी दोघीतिघी सतरंजीवर बसल्या. त्यांना अक्कांनी 'केंद्रातनं बाई यायच्यात' एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे दारातून इनामदार मॅडम आत आल्या तेव्हा सगळ्यांनी आधी त्यांनाच कुंकू लावलं.

त्यांच्यामागे ती होती.

उंच, काटकुळी. गुडघ्यावर चुरगळलेला कुर्ता. केस कानापर्यंत कापलेले, पायात खेळाचे बूट, आणि ते ती एका पायावर उभं राहून सोडत होती. ऋजुताच्या मनातला अंबाडा क्षणात सुटून पडला. तिला हायसं वाटलं, आणि मागोमाग भयंकर राग आला. ही? हिच्यासाठी मी इतके दिवस कुढले?

"यांना आपण ताई म्हणूया," इनामदार मॅडम म्हणाल्या. त्यांच्या गळ्यातला बटणाएवढा बिल्ला हिरवा होता.

"बसा ना ताई, पाटावर," ऋजुता म्हणाली. करंडा तिच्या हातात तयारच होता. "वहिनी, तुम्ही जरा यांना..."

पण अक्कांना कुठला दम! त्यांनी समरजितच्या पुढ्यातून राहीला उचललं, दोन ढांगांत सतरंजी ओलांडली आणि बाळ सरळ त्या बाईच्या हातात ठेवलं. "घे बाई. तुझंच दूध हाय."

खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

राहीनं आधी त्या बाईची गळपट्टी धरली. मग ती थांबली. एकदम थांबली, चालता पंखा बंद पडावा तशी. तिनं नाक त्या बाईच्या मानेला लावलं आणि दोनदा जोरात श्वास आत घेतला. सगळ्यांना ऐकू आला. मग तिचं तोंड उघडलं आणि ती मानेवर, खांद्यावर, कुर्त्याच्या काठावर ओठांनी शोधत फिरली, डोळे अर्धे मिटून, गुरगुरत.

ऋजुतानं करंडा खाली ठेवला. जे वाचलं होतं ते खरं होतं. आकडे नव्हते ते. तिची मुलगी होती.

"अगंबाई," शिंदेवहिनी म्हणाल्या, "वळखतीय की!"

ती बाई मात्र घाबरून गेली होती. "काय करू?" तिनं विचारलं. आवाज घोगरा होता. "मला... कसं धरायचं? असं?"

"डोकं धरा," ऋजुता तुटकपणे म्हणाली. ती बाई राहीला घेऊन पाटावर टेकली.

"माझं पोरगं असं कधी आलंच नाही अंगावर." ती बाई राहीच्या टाळूवर हात कसाबसा ठेवत बोलत होती, कुणाला उद्देशून नाही. "दुधाचा पाट वाहत होता मला. कपडे भिजायचे. आणि ते तोंड फिरवायचं. पावडर घटाघटा प्यायचं आणि माझं थुंकून टाकायचं. आता चार वर्षांचं झालं तरी आजीकडंच पळतं. मी म्हटलं, ज्यानं प्यायलंय त्याला एकदा बघावं तरी. कुणाला तरी आवडलंय." ती ओशाळून हसली. "तुम्हाला वाईट वाटेल असं बोलले का?"

ऋजुताचं लक्ष राहीकडे होतं. राहीनं शोधणं थांबवलं होतं. तिला तिथं काही मिळालं नव्हतं. तिनं मान वर केली, त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं, अनोळखी तोंड बघून तिची भुवई किंचित आकसली, आणि मग ती वळली. खोलीभर डोळे फिरवत एकेक तोंड मागे टाकत ती ऋजुतापाशी थांबली. हसली नाही, रडली नाही. नुसतं बघत राहिली. हे काय आहे गं, असं.

ऋजुताची मान आपोआप हलली. ठीक आहे, अशी.

राही लगेच सैल पडली आणि त्या बाईच्या गळपट्टीची दोरी तोंडात घालून मजेत चोखायला लागली.

"तुम्हाला विचारलं तिनं," ती बाई म्हणाली. तिची नजर ऋजुतावर खिळली होती आणि त्या नजरेत असं काही होतं की ऋजुतानं चमकून पाहिलं. ती नजर तिच्या रोजच्या ओळखीची होती. सकाळी ओट्यापाशी उभी राहून ती स्वतः बरणीकडे याच डोळ्यांनी बघायची. "माझ्या मांडीवर बसून तुम्हाला विचारलं. मला नाही."

तेवढ्यात समरजितनं अंगठी खिरीत बुडवून राहीच्या ओठांना लावली. राहीनं तोंड वाकडं केलं, विचार केला, आणि वाटीच धरायला झेपावली. सगळे हसले. टाळ्या पडल्या. आणि हसण्याच्या त्या लाटेवरच माळ्याची थोरली म्हणाली, "आता पाव्हणीबाईंनी नाव घ्यायचं!"

"घ्या, घ्या! त्याबिगर उठायचं न्हाई!"

ऋजुतानं झटकन इनामदार मॅडमकडे पाहिलं. हे तिनंच मांडून ठेवलं होतं, आणि ती विसरली होती.

इनामदार मॅडमच्या लक्षात आलं नाही. त्या खिरीची वाटी घेऊन बसल्या होत्या. ती बाई लाजली. राही मांडीवर होती, चार बायका कौतुकानं बघत होत्या. तिला तिचं नाव सांगायची मनाई होती, ते तिच्या पक्कं लक्षात असणार. पण हे काही तिचं नाव नव्हतं. हे नवऱ्याचं. हे सगळ्याच बायका घेतात. तिनं राहीच्या पाठीवर ताल धरला.

"चांदीच्या वाटीत केशराची खीर,
घास बघून बाळाला उरला नाही धीर..."

"वा वा!"

"ओढा येऊन मिळाला दूधगंगेच्या पाण्याला..."

तिनं श्वास घेतला. आता एक शब्द. ऋजुतानं नुसतं गप्प राहायचं होतं. बिल्ला लाल होणार, इनामदार मॅडम उठणार, ती बाई बूट घालून जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही. त्यात ऋजुताचा काही दोषही नव्हता. राहीनं आपल्याला विचारलं होतं खरं. पण आधी तिच्या मानेत नाक खुपसलं होतं, तेही खरं.

"हर्षवर्धनरावांचं नाव घेते राहीच्या उष्टावणाला!" ऋजुता ओरडली.

इतक्या मोठ्यानं, की राही दचकली. मग जो हशा उसळला तो थांबेचना.

"अगं, तुला कुणी सांगितलं हुतं?" शिंदेवहिनींनी डोळे पुसले. "पाव्हणीच्या तोंडातला घास वडून घेतलास की!"

"हिला लई घाई नवऱ्याची!"

दारात उभा असलेला हर्षवर्धन कानापर्यंत लाल झाला. इनामदार मॅडमनी दचकून गळ्याकडे हात नेला. बिल्ला हिरवाच होता. हर्षवर्धन हे नाव त्याला पढवलेलं होतं. त्या बाईनं बिल्ल्याकडे पाहिलं, मग ऋजुताकडे, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आपण कुठवर आलो होतो ते तिला आता कळलं होतं. का वाचवलं, ते तिला कळणं शक्य नव्हतं. ते ऋजुतालाही नीट सांगता आलं नसतं. ती रागावलेलीच होती. त्या लांब हातांवर, त्या घोगऱ्या आवाजावर, त्या मानेवर, जिचा वास तिची मुलगी ओळखत होती. पण आपल्यासारखं जळणारं दुसरं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं, आणि त्याला आपण खोदलेल्या खड्ड्यात पडताना बघायचं, एवढं तिच्यानं झालं नाही.

*

ओटी भरून झाली. बायका पांगल्या. अक्का आत डब्यात खीर भरत होत्या, "तिच्या पोराला" असं पुटपुटत. त्या बाईनं दारात बूट घातले आणि राहीला परत देण्यासाठी हात पुढे केले. ऋजुतानं तिला घेतलं, गरजेपेक्षा जरा जास्तच घाईनं.

राही ऋजुताच्या खांद्यावरून त्या बाईकडे बघत राहिली. ऋजुतानं तिचं तोंड वळवलं. राहीनं परत फिरवलं.

"कायद्यानं भेट झाली," इनामदार मॅडम जिन्याच्या पहिल्या पायरीवरून म्हणाल्या. "पुढचं आईंवर. नाही म्हणायचं तर काही बोलायचंही नाही, आपोआप संपतं."

त्या बाईनं काही मागितलं नाही. आत वाकून अक्कांना नमस्कार केला, डबा घेतला, आणि उंबऱ्यापलीकडे जाऊन सगळ्या बायका म्हणतात तेवढंच म्हणाली.

"येते."

जाते म्हणायचं नसतं. येते म्हटलं की घरच्यांनी या म्हणायचं. ऋजुता हे जन्मापासून म्हणत आली होती, पाहुण्यांना, मीटर बघायला येणाऱ्याला, दारावर वर्गणी मागणाऱ्यांनासुद्धा. आज तो एवढासा शब्द तोंडून निघेना. ती बाई एक पायरी उतरली. दुसरी उतरली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"या," ऋजुता म्हणाली.

ती बाई जिन्यात थबकली.

इनामदार मॅडम बिल्ल्यावर बोट ठेवून घोटाळल्या. "मॅडम, हे नोंदवावं लागेल मला. हे 'या' नुसतं रीतीचं, की खरं?"

"आमच्याकडं खोटं 'या' म्हणत नाहीत," ऋजुता म्हणाली, आणि दार जरा जोरातच लावून घेतलं.